साठ फुटांचं आकाश

पोर्टलँड शहराच्या उत्तर टोकाला, कोलंबिया नदीच्या अलीकडे, ईस्ट डेल्टा पार्क नावाचं मोठं सार्वजनिक मैदान आहे. एका बाजूला आय-५ महामार्गाची अखंड घरघर, हिरवळीवर सॉफ्टबॉल खेळणारी पोरं, वर विमानतळाकडे उतरत जाणारी जेट विमानं. या गलबल्यातच मैदानाचा एक तुकडा असा आहे, की तिथे माणसं गोलाच्या मध्यभागी उभी राहून स्वतःभोवती फिरत असतात. हातात एक मूठ, मुठीला दोन बारीक पोलादी तारा आणि तारांच्या टोकाला, साठ-पासष्ट फुटांवर, गर्जत घिरट्या घालणारं हातानं बांधलेलं विमान. कंट्रोल लाइन उड्डाणाची ही जागा. जिम वॉकर या पोर्टलँडच्याच माणसाचं नाव तिला दिलं आहे. ते योग्यच आहे, कारण हा छंद घराघरांत नेण्याचं काम त्याच्याइतकं फार थोड्यांनी केलं.

या जमिनीला स्वतःच्याही आठवणी आहेत. महामार्गाच्या पलीकडे, जिथे आज मोटारशर्यतींचा मार्ग आहे, तिथे एके काळी व्हॅनपोर्ट नावाचं अख्खं शहर होतं. १९४२ मध्ये कैसर नावाच्या उद्योगपतीच्या जहाजकारखान्यांतल्या कामगारांसाठी ते घाईघाईनं उभारलं गेलं आणि युद्धाच्या ऐन धामधुमीत तिथली वस्ती चाळीस हजारांच्या घरात गेली. ३० मे १९४८ रोजी कोलंबियाच्या पुरात रेल्वेचा बांध फुटला आणि ते शहर एका दुपारीत वाहून गेलं. अठरा हजारांहून अधिक लोक बेघर झाले. तो दिवस मेमोरियल डेचा, म्हणजे युद्धात पडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या स्मरणाचा होता. व्हॅनपोर्ट पुन्हा वसलं नाही. त्या सखल भागात आता शर्यतींचा मार्ग आहे, पाणथळ जागा आहेत, गवत आहे. या प्रदेशातल्या कंट्रोल लाइनवाल्यांचा सर्वांत मोठा मेळावा पुढे मेमोरियल डेच्याच सुट्टीत भरू लागला. हा निव्वळ योगायोग, पण डेल्टा पार्कचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला तो जाणवल्यावाचून राहत नाही.

वॉकरची ‘अमेरिकन ज्युनिअर’ ही कंपनी पोर्टलँडमध्ये बाल्सा लाकडाची खेळण्यातली ग्लायडर बनवत असे. १९४० च्या सुमारास त्यानं ‘फायरबॉल’ नावाचं विमान बाजारात आणलं आणि त्या पद्धतीला ‘यू-कंट्रोल’ असं नाव दिलं. तोवर इंजिनाचं मॉडेल विमान एकदा सुटलं, की वाऱ्याच्या मर्जीवर जाई. ते शोधायला पोरं शेतांतून मैलोन् मैल पळत. वॉकरच्या विमानाच्या पोटात एक छोटी तिकोनी पट्टी होती, बेलक्रँक. तिच्या दोन टोकांना दोन तारा, तिसऱ्या टोकापासून शेपटीतल्या एलिव्हेटरपर्यंत एक सळई. मुठीचा वरचा भाग मागे घेतला, की नाक वर. खालचा घेतला, की नाक खाली. बस्स, एवढंच. रेडिओ नाही, बॅटरी नाही. हात जे करील ते विमान त्याच क्षणी करणार.

वॉकर उत्तम प्रदर्शनकारही होता. दोन हातांत दोन विमानं आणि तिसऱ्याच्या तारा डोक्यावरच्या टोपणाला बांधून तो तीन विमानं एकाच वेळी उडवून दाखवी. १९४२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. युद्ध संपल्यावर या खेळाची लाट आली. १९४७ मध्ये रे आर्डेनचा ग्लो प्लग बाजारात आला, तेव्हा ठिणगीसाठी विमानात ठेवावी लागणारी कॉइल आणि बॅटरी यांचं ओझंही गेलं.

पण या कथेतला जास्त मोलाचा माणूस दुसराच आहे. ओबा सेंट क्लेअर. तोही ऑरेगनचाच. ‘फायरबॉल’च्या आधी काही वर्षं, पोर्टलँडलगतच्या ग्रेशॅम गावात त्यानं तारांनी ताब्यात ठेवलेलं एक मोठं विमान उडवलं होतं. विमानाचं नाव होतं ‘मिस शर्ली’. त्यानं पेटंट घेतलं नाही, कंपनी काढली नाही. वॉकरनं पुढे कॅलिफोर्नियाच्या कॉक्स कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला, तेव्हा हे जुनं उड्डाण न्यायालयात पोचलं. १९५५ मध्ये वॉकरचं पेटंट रद्दबातल ठरलं. त्याला मोठं कारण होतं ते ‘मिस शर्ली’चं. एका गावातल्या माणसानं कित्येक वर्षांपूर्वी हौसेखातर केलेली गोष्ट टिकली, सांगितली गेली आणि तिच्यामुळे सगळ्या देशातल्या कारखानदारांना मोकळीक मिळाली. वॉकरचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही. १९५८ मध्ये तो वारला, आणि आजही पोर्टलँडचा क्लब ‘नॉर्थवेस्ट फायरबॉल्स’ हेच नाव अभिमानानं लावतो. एकाच टापूनं या दोघांनाही आपलं मानलं, ही त्या लोकांची मोठी गोष्ट आहे.

ऑरेगनच्या पश्चिम भागातला पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेपर्यंत रेंगाळतो. हे पावसाचे महिने बांधणीचे. गॅरेजमधल्या दिव्याखाली बाल्साच्या पट्ट्यांतून पंखाच्या फासळ्या कापायच्या, त्यांवर रेशीम किंवा पातळ कागद ताणायचा, मग डोप नावाच्या रोगणाचा हात, सँडपेपर, पुन्हा डोप. घरभर त्याचा उग्र वास. यात बारकावे असे, की पाहणाऱ्याला कळतही नाहीत. आतल्या बाजूचा पंख बाहेरच्यापेक्षा किंचित लांब ठेवतात. बाहेरच्या पंखाच्या टोकात चिमूटभर शिसं घालतात. कुणी शेपटीचं सुकाणूही जरा बाहेर वळवतं. हे सगळं एकाच गोष्टीसाठी, तारा ताणलेल्या राहाव्यात म्हणून. तार सैल पडली की विमान कुणाचंच नाही.

आणि मग उड्डाणाचा दिवस. गवतावर अजून दव, घडीच्या खुर्च्या, अवजारांच्या पेट्या, थर्मासमधली कॉफी. प्रथम ओढ-चाचणी. विमानाच्या वजनाच्या काही पट जोरानं तारा ताणून पाहायच्या, कारण वेगात त्यांवर खरोखर तेवढा ताण येतो. मनगटाला सुरक्षेची दोरी. एक जण विमान धरून गुडघ्यावर बसतो, दुसरा मिथेनॉलचं इंधन भरून पंखा झटकतो. उडवणारा तोवर तारांच्या बाजूनं चालत मध्यावर गेलेला असतो. तिथून तो मूठ उचलून एलिव्हेटर वर-खाली करतो. विमान धरणारा ते डोळ्यांनी पाहून मान हलवतो, मग हात वर, आणि विमान सुटतं. जमिनीत खुंटी ठोकून एकट्यानं विमान सोडायची युक्ती आहे, पण ती नाइलाजाची. या खेळाची घडणच अशी, की तिथे दुसरा माणूस लागतोच. आज मी तुझं धरलं, मग तू माझं धर. चाळीस-चाळीस वर्षांच्या मैत्र्या या एवढ्या व्यवहारावर उभ्या राहिल्या आहेत. आकाशात रेडिओनं विमान उडवणाऱ्याला हे बंधन नाही, म्हणून तो जास्त मोकळा असेल. पण कंट्रोल लाइनचं मैदान जास्त जिव्हाळ्याचं असतं, यात शंका नाही.

स्टंट उड्डाण पाहावं ते फॉक्स-३५ सारख्या जुन्या इंजिनाचं. अर्कान्सासच्या ड्यूक फॉक्सचं हे इंजिन चाळीसच्या दशकाच्या अखेरीस आलं आणि पिढ्या त्याच्यावर शिकल्या. सरळ उड्डाणात ते मुद्दाम भरड, अडखळत्या आवाजात चालेल असं लावतात. विमानानं नाक वर घेतलं, की इंधनाचा दाब बदलतो आणि आवाज एकदम स्वच्छ, चढा होतो. ताकद नेमकी हवी तिथे मिळते. खाली आलं की पुन्हा भरड. जाणकार माणूस मैदानाकडे पाठ करून उभा असला, तरी आता चौकोनी लूप चालू आहे की उलटं उड्डाण, हे नुसतं ऐकून सांगतो. जमिनीपासून पाच फुटांवर समतल फेऱ्या, मग गोल लूप, चौकोनी लूप, त्रिकोणी लूप, आडवा आठ, उभा आठ, डोक्यावरचा आठ आणि शेवटी चार पाकळ्यांचं फूल. एक फेरी पाच सेकंदांच्या आसपास. चौकोनाचा कोपरा कापताना उडवणाऱ्याच्या दंडात ओढ जाणवते. चुकलं तर पाच फुटांवरचं विमान गवतात घुसायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पावसाळाभर खपून केलेलं काम तिथे संपतं. मग सगळे मिळून तुकडे गोळा करतात. कुणी काही बोलत नाही आणि पुढच्या वर्षी तोच माणूस नवं विमान घेऊन येतो.

कॉम्बॅट हा दुसरा टोकाचा प्रकार. दोन विमानं, एकच वर्तुळ, प्रत्येकाच्या शेपटीला कागदी पट्टी. दुसऱ्याची पट्टी पंख्यानं कापायची. मकरसंक्रांतीला गच्चीवरून काटाकाटी खेळलेल्या कुणालाही यातली ईर्षा समजावून सांगावी लागणार नाही. फक्त इथे वेग ताशी शंभर मैलांपलीकडे जातो आणि तारांत तारा अडकल्या की दोन्ही उडवणारे एकमेकांभोवती फिरत गुंता सोडवतात. अशा विमानांत साधी टाकी पुरत नाही. विमान इतकं उलटंपालटं होतं, की इंधन इंजिनापर्यंत पोचतच नाही. म्हणून लोकांनी बाळाच्या चोखणीच्या रबरात दाबानं इंधन भरायला सुरुवात केली. या रबरी पिशवीवरूनच वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोहोमिशच्या गाजलेल्या स्पर्धेला ‘ब्लॅडर ग्रॅबर’ हे नाव पडलं. लांबून लांबून लढवय्ये तिथे येत.

सिअ‍ॅटलची मंडळी, पोर्टलँडची, सेलमची, यूजीनची, सीमेपलीकडून ब्रिटिश कोलंबियाची, सगळी एकत्र येण्याचं ठिकाण म्हणजे मेमोरियल डेच्या सुट्टीतला तो मेळावा, नॉर्थवेस्ट रीजनल्स. अनेक वर्षं ती यूजीनच्या विमानतळावर झाली, पुढे रोझबर्गलाही. विलामेट खोरं गवताच्या बियाण्यासाठी प्रसिद्ध आहे. मेअखेरीस आसमंत परागांनी भरलेला असतो आणि शिंकणाऱ्यांचा एक स्वतंत्र संघच होतो. स्टंट, वेग, शर्यती, कॉम्बॅट, आणि लाकडी फळ्यांच्या धावपट्टीवर आकड्यानं दोरी पकडून थांबणारी नौदलाची विमानं, सगळं तीन दिवसांत. महत्त्वाचं असं की इथल्या लोकांनी शर्यतींचे आपले स्वतःचे वर्ग ठरवले, स्वस्त आणि साध्या विमानांचे, जेणेकरून नव्या माणसाला खिशाला न झेपणारं इंजिन घ्यावं लागू नये. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘फ्लाइंग लाइन्स’ नावाचं वार्तापत्रही त्यांनी काढलं. निकाल, आराखडे, रुसवेफुगवे, श्रद्धांजली, सगळं त्यात आलं. देशव्यापी संस्थांच्या मासिकांत या खोऱ्याच्या वाट्याला चार ओळी आल्या असत्या. आपली नोंद आपणच ठेवायची, हे त्यांनी वेळेवर ओळखलं.

पुढे या छंदाची उतरण झाली, तिची कारणं कोणत्याही शहरात सापडतील तीच. स्वस्त झालेला रेडिओ, आवाजाच्या तक्रारी, शाळांच्या मैदानांवरच्या पाट्या, घरांनी गिळलेल्या मोकळ्या जागा. आज गोलात उभ्या असलेल्यांपैकी पुष्कळांचे केस पांढरे आहेत. काहींनी विजेच्या मोटारी लावल्या आहेत. त्या शांत आणि भरवशाच्या आहेत, स्पर्धाही जिंकतात. तरी एरंडेलाच्या धुराचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांचं मन त्यात पूर्ण रमत नाही.

हो, एरंडेलच. मिथेनॉलच्या इंधनात वंगण म्हणून एरंडेल तेल घालतात, कारण प्रचंड तापूनही ते धातूला धरून राहतं. जगातलं बहुतेक एरंड भारतात पिकतं आणि त्यातलं बहुतेक गुजरातेत. डेल्टा पार्कच्या हवेतला वास असा आपल्या शेजारातून गेलेला असू शकतो. आणि हा खेळही आपल्याकडे परका नाही. एनसीसीची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी सुरू झाली ती मुंबई आणि कोलकाता इथल्या दोन स्क्वॉड्रनांनी. एरोमॉडेलिंग हा तिच्या शिक्षणाचा भाग झाला आणि कंट्रोल लाइन उड्डाणाची स्पर्धा अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात आजही होते. मुंबई, पुणे, नागपूरच्या किती तरी कॅडेटनी कॉलेजच्या मैदानावर, कोलकात्यात बनणाऱ्या ऑरोरा इंजिनाशी झटापट करत, बोटं सोलून घेत, पहिली फेरी पूर्ण केली आहे. त्या इंजिनाच्या इंधनातल्या ईथर आणि रॉकेलचा दर्प त्यांना अजून आठवत असेल. त्यातले काही पुढे वायुसेनेत गेले, काही अभियंते झाले, बरेचसे बँकेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला लागले.

ऑरेगनकडे या छंदाची तारीखवार हकिकत आहे. कुणी, कुठे, कोणतं विमान, कोणत्या वर्षी. आपल्याकडे ती कॅडेटच्या मनात आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. म्हणून ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत मराठी मैदानांवर ही विमानं उडवली, त्यांनी ते लिहून काढावं. फोटोंच्या मागे नावं आणि वर्षं घालावीत. गंजलेलं इंजिन भंगारात देण्याआधी आपल्या जुन्या स्क्वॉड्रनला विचारावं. आणि पोर्टलँडजवळच्या बीव्हर्टन-हिल्सबरोकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एखाद्या कोरड्या शनिवारी मुलांना डेल्टा पार्कला न्यावं. उडवणाऱ्यांना विमान धरायला कुणी तरी हवंच असतं.