वरचं भिंग

अब्बांच्या कपाटातला यशिका मॅट १२४ जी माझ्या मुलाच्या हाती लागला, तेव्हा घरात कुणाला काही विशेष वाटलं नाही. पुण्याच्या कॉलेजातली मुलं हल्ली रिळाच्या कॅमेऱ्यांमागे लागलीत. त्यानं १२० चं रीळ घातलं, नानांना अंगणात खुर्चीवर बसवलं आणि बारा फोटो काढले. रीळ धुऊन आलं. बाराही फोटोंत नाना धूसर, आणि मागच्या भिंतीचे पोपडे मात्र लख्ख.

अब्बांनी फोटो पाहिले. म्हणाले, "ठेव परत कपाटात. माझ्याही हातून असेच यायला लागले होते."

मी तिथंच थबकले. अब्बांनी लग्नाची कामं सोडली ती "नजर गेली" म्हणून, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण माझ्या मुलाचं वय वीस, डोळ्यांना नंबर नाही. मग त्याचे फोटो तसेच का आले?

अब्बांचा मिरजेत लहानसा स्टुडिओ होता. हा कॅमेरा मामूंनी १९७७ साली कुवेतहून आणून दिला. त्यावर अब्बांनी गावातली किती लग्नं काढली, मोजदाद नाही. (काही घरांत फोटोच चालत नसत. तिथं अब्बा नुसते जेवायला जात आणि घरी येऊन बिर्याणीची तारीफ करत.) १९९४ साली मोहल्ल्यातल्या एका लग्नाचे फोटो बिघडले. नवरीचा चेहरा कुठंच धड नाही. मुलीच्या वडिलांनी एका शब्दानं बोल लावला नाही, पण अब्बांनी सगळे पैसे परत केले. त्यांना चाळिशीचा चष्मा नुकताच लागला होता. सालभरात तीनदा नंबर बदलून घेतला आणि मग तो कॅमेरा कपाटात गेला. पुढं स्टुडिओत फक्त पासपोर्टचे फोटो, तेही दुसऱ्या कॅमेऱ्यावर.

दुरुस्त करणारा शोधायचा ठरवलं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी बिघडली तर गल्लीत कुणाचंही दार ठोठवा, माणूस सापडेल. भिंगाचा माणूस मात्र मला सापडला नाही. एक स्टुडिओवाला म्हणाला, शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल. कोल्हापुरात एकानं कॅमेरा आठवडाभर ठेवून घेतला, काचा पुसल्या, पाचशे रुपये घेतले. पुढचं रीळ तसंच आलं. त्यात त्याची तरी काय चूक? मीच "साफ करून द्या" म्हटलं होतं. आजार न सांगता औषध मागितलं.

शेवटी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठली. स्टेशनाबाहेर पडलं की बोरा बाजार चालत जाण्याइतका जवळ. कॅमेऱ्यांची दुकानं पुष्कळ, पण बहुतेक डिजिटलची. दोघांनी "पार्ट मिळत नाहीत" म्हणून वाटेला लावलं. एकानं कॅमेरा विकत मागितला. त्यानंच मी नाही म्हटल्यावर एका जुन्या इमारतीचा जिना दाखवला.

वर एक सत्तरीचे गृहस्थ घड्याळजीसारखं भिंग डोळ्याला लावून बसले होते. या वेळी मी शहाणी झाले होते. कॅमेऱ्याबरोबर फोटोही पुढं ठेवले. त्यांनी कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी फोटोच पाहिले. "हात हलला असता तर भिंतही पुसट आली असती," ते म्हणाले. "भिंत साफ आहे, म्हणजे भिंगानं माणसाला सोडून भिंत पकडली."

या कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. दोन्ही एकाच पट्टीवर बसवलेली. बाजूची मूठ फिरवली की बरोबरच पुढं-मागं होतात. वरचं चित्र आरशावरून दुधी काचेवर पडतं. तिथं स्पष्ट दिसलं की खाली फिल्मवरही स्पष्ट पडणार, असा सगळा भरवसा.

त्यांनी मागचं झाकण उघडलं, फिल्म सरकते त्या जागी घासलेल्या काचेचा तुकडा टेकवला आणि शटर उघडं धरलं. मूठ अनंतावर. मला म्हणाले, बघा. दूरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी त्या काचेवर उलटी, पण काठोकाठ स्पष्ट. मग वरून बघायला सांगितलं. टाकी पुसट!

"हे वरचं भिंग कधी कुणी उघडलं होतं?"

मी तिथूनच घरी फोन लावला. अम्मीला आठवलं. १९९३ च्या पावसाळ्यात आत बुरशी आली म्हणून एका ओळखीच्या माणसाबरोबर कॅमेरा साफ करायला पाठवला होता.

साफ करणाऱ्यानं वरचं भिंग परत बसवताना आटे पुरते आत घेतलेच नव्हते. ते जरासं बाहेर राहिलं. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी सहा फुटांवरच्या माणसापाशी चूक वीतभर होते, असं त्यांनी सांगितलं. उन्हात भिंगाचं तोंड बारीक करून काढलेल्या फोटोंत ती झाकली जाते, कारण मागचं-पुढचं बरंच स्पष्ट येतं. रात्री मांडवात तोंड मोठं ठेवावं लागतं, तिथं उघडी पडते. म्हणून अब्बांचे दिवसाचे फोटो बरे येत आणि लग्नाचे बिघडत. त्यांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की रात्री आपल्याला दिसत नाही.

कडेचे बारीक स्क्रू ढिले करून त्यांनी भिंग आत घेतलं, वर-खाली दहा वेळा ताडून पाहिलं. अर्धा तास. आठशे रुपये.

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. कॅमेरा बरा झाला होता, पण अब्बांना काय सांगायचं? एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला सांगायचं, की तुमची नजर ठीक होती, हातातलं काम उगाच सोडलंत? अम्मी म्हणाली, नको सांगू. मी सांगितलं. आपल्या हुनराबद्दल त्यांनी इतकी वर्षं चुकीचं मानावं, हे मला पटेना.

अब्बा बराच वेळ गप्प. मग विचारलं, "किती आटे बाहेर होतं?" नंतर स्वतः उठून निगेटिव्हचा डबा काढला. ते लग्न त्यांनी फेकलं नव्हतं. खिडकीशी धरून भिंगातून एकेक चौकट पाहत राहिले. "पडद्याची जरी बघ," मला म्हणाले, "एकेक तार दिसतेय." आणि मग, "एक रीळ तपासायला घालायला हवं होतं मी. चष्मेवाल्याकडं तीनदा गेलो, भिंगाकडं एकदाही नाही."

मुंबईच्या कामावर त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. फळीवर वर्तमानपत्र चिकटवून ती तिरकी उभी केली, मधल्या एका ओळीवर शाईनं खूण केली, भिंगाचं तोंड पूर्ण उघडून त्या ओळीवर नेम धरला. रीळ धुऊन आल्यावर भिंग लावून ओळी मोजल्या. खुणेचीच ओळ सगळ्यांत ठळक होती. कुणाच्या कपाटात असा कॅमेरा असेल, तर पैसे मोजण्याआधी ही परीक्षा घरीच करता येते.

ती नवरी आता इचलकरंजीला असते, तिलाही नातवंडं आहेत. अब्बांनी तिचा नंबर शोधायला लावला. ईदला सगळ्यांना घेऊन ये म्हणाले, फोटो राहिलेत तुझे. माझ्या मुलाला दोन रिळं आणायला सांगितली आहेत. एक कमी पडेल म्हणतात.