थंडी, जुनी गाडी आणि कारणाचा शोध

निफाड तालुक्यातील थंडी महाराष्ट्राला वर्तमानपत्रांतून परिचित आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला की तो आकडा दुसऱ्या दिवशी ठळकपणे छापून येतो. द्राक्षबागायतदार पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवून घडांची राखण करतात. आम्हा व्यापाऱ्यांची या थंडीशी गाठ पडते ती मात्र गाडीच्या बॉनेटपाशी. लिलावाच्या वेळेआधी बाजार समिती गाठायची असते, आणि किल्ली फिरवली की इंजिन नुसते कण्हत राहते.

आमच्या घरी 1985 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती वडिलांनी कांद्याच्या आडतीतील पहिल्या चांगल्या हंगामानंतर घेतली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी त्या काळी आपल्या व्यापारी घरांतून विशेष आपुलकीने पाहिली जाई. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी केली होती. आपल्यातल्याच एका माणसाने मोटारीचा कारखाना उभा केला, हा अभिमान त्या आपुलकीमागे होता. वडिलांचे वय आता 84 वर्षे आहे. गाडी चालवणे त्यांनी केव्हाच सोडले. परंतु सकाळी पुढच्या आसनावर बसून बाजार समितीपर्यंत जाणे आणि जुन्या मंडळींत तासभर बसून परत येणे, हा त्यांचा नित्यक्रम अबाधित होता.

2024 च्या डिसेंबरात तो नित्यक्रम खंडित होऊ लागला. दुपारी निमूटपणे सुरू होणारी गाडी पहाटे आठ-दहा वेळा सेल्फ मारूनही दाद देईना. गॅरेजमधून निदान आले : रिंगा झिजल्या आहेत, कॉम्प्रेशन राहिलेले नाही, इंजिन खोलावे लागेल, खर्च पन्नास हजारांच्या घरात. त्यातच गाडीच्या नोंदणीची मुदत मार्च 2025 मध्ये संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तपासणी करावी लागते, हरित कर भरावा लागतो. एवढा सगळा खर्च चाळीस वर्षांच्या गाडीवर करावा का, असा प्रश्न धाकट्या भावाने बैठकीत मांडला. हिशेबाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पुतण्याने तर भंगाराचा भावही काढून आणला होता.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी काढायची तर काढा. माझी ना नाही. पण ती का उठत नाही, ते आधी कळू द्या. कारण कळल्याशिवाय माल फेकायचा नसतो."

त्या एका वाक्याने मला काम मिळाले. मी यंत्राचा जाणकार नाही; परंतु आयुष्यभर हिशेब लिहिलेला मनुष्य आहे. एक कोरी वही घेतली आणि तिच्यात रकाने पाडले : तारीख, पहाटेचे तापमान, गाडी किती तास उभी होती, सेल्फ मारल्यावर इंजिन कसे फिरले, कितव्या प्रयत्नाला सुरू झाले. दहा दिवसांच्या नोंदी झाल्या तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. तापमान पंधरा अंशांच्या वर असले की गाडी पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू होई. ते दहाच्या खाली गेले की इंजिन मुळातच संथ फिरे.

ही 'संथ फिरणे' नोंद सर्वांत मोलाची ठरली. गाडी सुरू होत नाही, या एकाच तक्रारीत वस्तुतः दोन भिन्न तक्रारी दडलेल्या असतात. पहिलीत इंजिन जोराने फिरते, पण पेट घेत नाही. अशा वेळी इंधन, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन यांपैकी एकाकडे पाहावे लागते. दुसरीत इंजिन हवे त्या वेगाने फिरतच नाही. तेव्हा शोध बॅटरी, तिच्या तारा, सेल्फची मोटर आणि इंजिनातील तेल यांच्याकडे वळवावा लागतो. रिंगा झिजलेले इंजिन पेट घ्यायला त्रास देईल, परंतु त्यामुळे सेल्फ मंदावणार नाही. उलट कॉम्प्रेशन कमी झालेले इंजिन अधिक हलके फिरते. गॅरेजचे निदान आमच्या नोंदींशी जुळत नव्हते, ते येथेच. अर्थात त्या कारागिराकडे गाडी भर दुपारी गेली होती. पहाटेचे दुखणे त्याला दिसण्याची सोय नव्हती.

बॅटरीपासून आरंभ केला. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून तीच बॅटरी उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात कमी ताकद देते. शिवाय गार तेल घट्ट होते आणि इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो. मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा आटतो. व्यापारात अशा दिवशी काय होते, ते वाचकांना सांगायला नको. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावला तेव्हा 12.6 व्होल्ट आले. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा एवढाच असतो, 12.2 च्या आसपास आला असता तर ती निम्मी रिकामी आहे, असे समजलो असतो. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर 10.8 व्होल्ट टिकले. साधारणतः साडेनऊच्या खाली आकडा गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा. आमची बॅटरी निर्दोष ठरली.

यानंतरची परीक्षा बिनखर्चाची होती. पुतण्याला हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितले आणि मी भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे पाहत उभा राहिलो. बॅटरी थकलेली असती तर उजेड एकदम मंदावला असता. येथे उजेड जवळजवळ तसाच राहिला आणि इंजिन मात्र कण्हत होते. याचा अर्थ एवढाच, की बॅटरीत वीज होती, पण ती सेल्फपर्यंत पोहोचत नव्हती. माल गोदामात आहे, दुकानात येत नाही. मग अडथळा वाटेवर शोधायचा.

ती वाट मोजण्याची रीत सोपी आहे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक ओढावा आणि इंजिन पेट घेऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची तार काढून ठेवावी. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावा. वाट मोकळी असेल तर मीटरवर अगदी अल्प आकडा येतो. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर कोठेतरी जोड बिघडला आहे. आमच्या मीटरवर 1.6 व्होल्ट आले. गाडीखाली वाकून पाहिले तर इंजिनाला बॉडीशी जोडणारी तांब्याची अर्थिंगची पट्टी हिरवट पडली होती, तिच्या कित्येक तारा तुटल्या होत्या आणि बोल्टखाली गंज साचला होता. चाळीस पावसाळ्यांचा तो हिशेब होता.

नवी पट्टी अडीचशे रुपयांत मिळाली. दोन्ही टोकांचा धातू पॉलिश पेपरने घासून तो चकचकीत केला, बोल्ट आवळले, वरून ग्रीसचा हात फिरवला. पुन्हा मोजले तेव्हा आकडा 0.2 वर आला. दुसऱ्या पहाटे सहा अंशांतही इंजिन जोमाने फिरले.

हा दोष दुपारी का दिसत नसे, याचेही उत्तर मिळाले. गंजलेल्या जोडावर होणारी विजेची गळती प्रवाहाच्या प्रमाणात वाढते. दुपारी तेल पातळ असते, सेल्फला कमी प्रवाह पुरतो आणि गळतीही कमी होते. पहाटे प्रवाहाची गरज वाढली की तोच जोड आडवा येतो, आणि ठिणगीच्या वाट्याला येणारी वीजही क्षीण होते. थंडीने दोष निर्माण केला नव्हता. वर्षभर आत असलेली तूट तिने उघडी पाडली होती.

तथापि काम संपले नव्हते. इंजिन जोमाने फिरू लागले, तरी पेट घ्यायला चार-पाच प्रयत्न लागतच होते. तक्रार आता दुसऱ्या रकान्यात गेली होती. गार हवेत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक ओढून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. एअर फिल्टरचे झाकण काढून एकाने चोकची दांडी ओढली आणि दुसऱ्याने कार्ब्युरेटरकडे पाहिले, तेव्हा केबल सैल झाल्याने तिथली कळ अर्ध्यावरच थांबते, हे लक्षात आले. केबल ताणून बसवली. प्लग काढून स्वच्छ केले, पॉइंटचे अंतर पुस्तिकेतील मापाप्रमाणे लावून घेतले. आता गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू होऊ लागली.

राहता राहिला रिंगांचा प्रश्न. तो अंदाजावर सोडणे योग्य नव्हते. नाशिकमधील एका वृद्ध कारागिराने गेज लावून कॉम्प्रेशन मोजून दिले. चारही सिलिंडरचे आकडे 115 ते 125 पौंडांच्या दरम्यान आले. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार मागे पडला असता तर इंजिन खोलण्याचा विचार करावा लागला असता. येथे चौघे भाऊ जवळजवळ सारखेच निघाले. कारागीर म्हणाले, "शेठ, इंजिन म्हातारं आहे, आजारी नाही."

ज्यांच्या घरी डिझेलची जुनी गाडी आहे, त्यांनी पहिल्या दोन पायऱ्यांनंतर हीटर प्लग तपासावेत. तिथे ठिणगी नसते, गार सिलिंडरला ऊब तेच देतात. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चोकचे काम इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर करतो. तो चुकीचे तापमान कळवू लागला की गाडी पहाटेच अडते. क्रम मात्र सर्वत्र तोच ठेवावा : आधी नोंद, मग फुकटची परीक्षा, मग स्वस्त सुटा भाग आणि सर्वांत शेवटी मोठे काम. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो.

फेब्रुवारीत सगळा खर्च मांडला तेव्हा पट्टी, केबल, प्लग आणि मजुरी मिळून अडीच हजारही झाले नव्हते. धाकट्या भावाने वही दोनदा उलटून पाहिली आणि स्वतःच म्हणाला, "मार्चमध्ये नोंदणी करून घेऊ. या आकड्यांवर गाडी काढता येणार नाही." पाच वर्षांनी हा प्रश्न पुन्हा उभा राहील. तेव्हा कदाचित उत्तर वेगळे येईल आणि तेही आम्ही स्वीकारू.

वही आता गाडीच्या कप्प्यातच असते. तापमानाचा रकाना वडील स्वतः भरतात. बाजार समितीत पोहोचल्यावर तो आकडा मित्रमंडळींना सांगण्याचा मान त्यांनी आपल्याकडे घेतला आहे.