काकांची केराची टोपली

गेल्या शनिवारी जुनी हार्ड डिस्क आवरत होतो. "एक तर फेक, नाही तर कपाटात तरी ठेव," असा बायकोचा निर्वाणीचा इशारा होता. डिस्कवर घरच्या मेल सर्व्हरच्या २०१७ सालच्या कॉन्फिग फाइल्स सापडल्या. त्यातल्या एका ओळीवर नजर गेली आणि पोटात पुन्हा तसाच गोळा आला. ओळ साधीच होती. ट्रॅशमध्ये येऊन ३० दिवस झालेल्या मेल्स उडवायच्या, एवढंच ती सांगत होती.

तर मंडळी, ही त्या ओळीची गोष्ट.

२००६ साली मला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि लिनक्सचं नवं नवं वेड होतं. आडनावाचं डोमेन घेतलं, स्वस्तातला एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि घरातल्या सगळ्यांना मेल अॅड्रेस वाटले. (कुणी मागितले नव्हते ही गोष्ट वेगळी.) खाली कुरियर आयमॅप, वर स्क्विरलमेल. ज्यांनी स्क्विरलमेल वापरलंय त्यांना तो काळा स्क्रीन आठवत असेल. पर्लची एक स्क्रिप्ट, त्यात आकड्यांचा मेनू, ३ दाबलं की फोल्डर डिफॉल्ट्स. सेंट कुठे, ड्राफ्ट्स कुठे, ट्रॅश कुठे, डिलीट केलेली मेल ट्रॅशमध्ये हलवायची की नाही, वगैरे. आधी डी दाबून आपला सर्व्हर कुरियर आहे असं सांगायचं, मग ते स्वतःच सगळ्या फोल्डरांच्या नावामागे इनबॉक्स आणि एक टिंब लावायचं. कारण कुरियरच्या जगात सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात असतात आणि बाप-लेकाचं नातं टिंबाने दाखवतात. हे टिंब लक्षात ठेवा.

आमचे काका बँकेतून निवृत्त झाले होते आणि त्यांनी कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं काम अंगावर घेतलं होतं. कुलवृत्तांत म्हणजे इंदूर, बडोदा, बेळगाव, न्यू जर्सी, जिथे म्हणून आमची माणसं आहेत तिथून जन्मतारखा, लग्नं, मुलंबाळं, जुने फोटो गोळा करणं. काकांनी मेल मनापासून घेतली. रोज सकाळी चहानंतर लॉगिन. आलेली मेल वाचायची, वहीत नोंद करायची, "पत्र मिळाले, आभारी आहे" असं उत्तर पाठवायचं आणि मग...

मग डिलीट दाबायचं.

हे मला ११ वर्षं माहीत नव्हतं. खरं तर माहीत होतं, पण विसरलो होतो, तो भाग पुढे येईलच. काकांनी सुरुवातीला रीतसर फोल्डर करायचा प्रयत्न केला होता. रोमनमध्ये नाव टाइप केलं, 'ब. शाखा', म्हणजे बडोदा शाखा. स्क्विरलमेलने नाव चुकीचं आहे म्हणून परत पाठवलं. 'इं. शाखा' केलं, तेही परत. टिंब चालत नाही हे काकांना कोण सांगणार? मराठी माणसाला टिंबाशिवाय कै., चि., सौ.का. काहीच लिहिता येत नाही हो! मग त्यांनी फोल्डरचा नाद सोडला. डिलीट केलं की पत्र समोरून जातं आणि ट्रॅश उघडलं की तिथे सापडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या लेखी ट्रॅश म्हणजे काम झालेल्या पत्रांचं कपाट.

एप्रिल २०१७ मध्ये मी सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं. डव्हकॉट आणि राउंडक्यूब. आधी सेंटचा घोळ निस्तरला. काकांच्या खात्यात तीन सेंट होते. एक स्क्विरलमेलचा, एक कधीकाळच्या आउटलुक एक्स्प्रेसने केलेला सेंट आयटम्स, तिसरा नातवाच्या आयफोनने केलेला सेंट मेसेजेस. प्रत्येक प्रोग्रॅमला आपलंच नाव बरोबर वाटतं. २०११ मध्ये यावर एक आरएफसी आला, ६१५४ नंबरचा. त्यामुळे सर्व्हरच सांगू शकतो की बाबा रे, सेंट हा, ट्रॅश हा. मी तिन्ही एकत्र केले, सर्व्हरला नीट खुणा लावायला सांगितल्या, खूश झालो. आणि त्या खुशीत, जागा वाचावी म्हणून, ट्रॅशखाली ती ३० दिवसांची ओळ लिहिली.

आता गंमत बघा. डव्हकॉट मेल आल्याची तारीख बघत नाही, ती त्या फोल्डरमध्ये सेव्ह कधी झाली ते बघतो. मी सगळ्या फाइल्स नुकत्याच कॉपी केल्या होत्या. म्हणजे त्याच्या दृष्टीने २००६ चं पत्रही कालचंच. त्यामुळे महिनाभर काहीच झालं नाही. आणि मग एके दिवशी काकांनी लॉगआउट केल्यावर ११ वर्षांची पत्रं एकदम गेली.

दोन दिवसांनी फोन. "अरे, ते निकालीचं कपाट रिकामं दिसतंय. तू काही हलवलंस का?"

"काका, तुम्ही ट्रॅशमध्ये ठेवत होता?"

"म्हणजे काय? तुला सांगितलं होतं की तेव्हाच."

सांगितलं होतं. कुरियरमध्ये मुळातच ट्रॅश ७ दिवसांनी साफ करायची सेटिंग येते. २००६ मध्ये काकांची आठवड्यापूर्वीची पत्रं गायब झाली तेव्हा ती मीच बंद केली होती. जुन्या फाइलमध्ये त्या ओळीपुढे हॅश लावलेला होता. का लावला, याचं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. ऑफिसात ज्युनिअर मुलांच्या कोडमध्ये कॉमेंट नसली तर मी अर्धा तास बोलतो.

बॅकअप? होता ना! प्रत्येकाच्या मेलच्या फोल्डरात शिरून, स्टार देऊन, सगळं कॉपी करणारी स्क्रिप्ट होती. फक्त मेलडिरमध्ये इनबॉक्स सोडून बाकीचे फोल्डर टिंबाने सुरू होतात आणि शेलचा स्टार टिंबाने सुरू होणारं काही उचलत नाही. बॅकअपमध्ये सगळ्यांचे इनबॉक्स व्यवस्थित होते. काकांचा तर अगदी स्वच्छ. दोन पत्रं. जुना सर्व्हर तोवर परत करून झाला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे आठवलं की काका प्रत्येक पत्राला उत्तर देतात. आणि उत्तर देताना खालचा मूळ मजकूर कधीही पुसत नाहीत. सेंट उघडला. "पत्र मिळाले, आभारी आहे", आणि त्याखाली बाणांच्या रांगेत अख्खं पत्र! पुढचे दोन शनिवार-रविवार एक छोटी स्क्रिप्ट लिहून ते बाण सोलून काढत होतो. १४०० च्या आसपास पत्रांचा मजकूर परत मिळाला.

फोटो मात्र नाही. उत्तरात अॅटॅचमेंट जात नाही. बरेचसे लोकांनी पुन्हा पाठवले. पण बडोद्याच्या एका आत्याने सायबर कॅफेत जाऊन, पैसे मोजून, तिच्या आजोबांचा एकुलता एक फोटो स्कॅन करून पाठवला होता. आत्या २०१२ मध्ये गेली. घर विकताना मूळ फोटोही गेला. काकांनी तो छापायच्या वेळी काढून घेऊ म्हणून ठेवला होता. मी सांगायला घरी गेलो तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चहा घेणार ना?"

आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. त्या पानावर चौकट आहे, आत 'छायाचित्र उपलब्ध नाही'.

काकांना मी 'निकाली' नावाचा देवनागरी फोल्डर करून दिला. डिस्कवर त्याचं नाव अँपरसँडने सुरू होऊन डॅशने संपणारी रोमन अगम्य अक्षरं असं दिसतं, पण काकांना ते दिसत नाही. राउंडक्यूबचं अर्काइव्हचं बटण त्या फोल्डरला जोडलं. काका तीन आठवडे ते दाबत होते, मग परत डिलीटवर आले. सवय. म्हणून त्यांच्या ट्रॅशला आता कसलीच मुदत नाही, आणि वर कॉमेंट आहे: हात लावू नये, इथे काकांची पत्रं आहेत, मे २०१७.

हार्ड डिस्क फेकली नाही. कपाटात सरकवली आहे. बायकोला अजून सांगायचंय.