चेहरा खेळाडूचा, कमाई कंपनीची

ढाणकीच्या पोरांना फुटबॉल म्हटलं की मेस्सी आणि रोनाल्डो आठवतात. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा. तो लांबट चेंडूने आणि बहुतांशी हातानेच खेळतात. तिथे कॉलेजच्या पोरांचे सामने पाहायला काही मैदानांत लाखावर लोक जमतात. या कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम ईए स्पोर्ट्स ही कंपनी काढते.

या वार्षिक गेमवर टीका भरपूर होते. गेल्या सालचाच गेम, वर नवा आकडा, किंमत पुन्हा सत्तर डॉलर. शिवाय चांगले खेळाडू मिळवायला बंद पाकिटं विकत घ्यायची. आत काय निघेल ते नशिबावर. पैसे लावून नशीब आजमावण्याला आपल्या घरांत काय म्हणतात, ते वेगळं सांगायला नको. पण मला सगळ्यांत वजनदार वाटते ती मजुरीबद्दलची टीका.

2013 पर्यंत या गेममध्ये खेळाडूंची नावं नसायची. जर्सीचा नंबर, उंची, अंगलट मात्र खऱ्या पोरांची. त्यांना पैसे शून्य, कारण विद्यार्थ्याने खेळातून कमवायचं नाही, असा एनसीएए या संघटनेचा नियम. एड ओबॅनन या माजी बास्केटबॉल खेळाडूने मित्राच्या घरी अशाच एका गेममध्ये स्वतःला पाहिलं. तोच 31 नंबर, तोच डावखुरा खेळ. 2009 मध्ये तो कोर्टात गेला. कॉलेज फुटबॉलचे खेळाडूही कोर्टात गेले. अखेर सुमारे 6 कोटी डॉलरची तडजोड झाली आणि फुटबॉलचा गेम बंद पडला.

2021 मध्ये नियम बदलले. 2024 च्या जुलैत गेम परत आला, तो खेळाडूंच्या खऱ्या नावांनिशी. अकरा हजारांहून जास्त पोरांनी होकार दिला. मोबदला प्रत्येकी 600 डॉलर आणि गेमची एक प्रत. त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या गेमांत तो होता, पण खपातला वाटा या कराराने पोरांना दिला नाही.

काही जण म्हणतात, जबरदस्ती कुठे होती? आधी तर काहीच मिळत नव्हतं. खरं आहे. पण एकेकटं पोर एवढ्या मोठ्या कंपनीशी भाव काय करणार? आपल्याकडे कापूस वेचणीचा दर किलोमागे ठरतो. जेवढा कापूस वेचला, तेवढी मजुरी. इथे ढीग कितीही वाढो, मजुरी तेवढीच.

हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे एकमेकांवरचे हक्क, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते शेतातल्या मजुरापुरतेच नाहीत. ज्याच्या चेहऱ्यावर आणि मेहनतीवर माल विकला जातो, त्याचा त्या मालात हक्क आहे. ग्राफिक्स कसे आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा.