दोन दिवसांचं अंतर

सप्टेंबर लागला की आमच्या दादीला दोन गोष्टी आठवायच्या आणि त्या ती कायम एका दमात सांगायची. ‘जिना साब गुजरे, अन् दो दिनां में फौज आ गई.’ लहानपणी मला वाटायचं, ही एकच घटना आहे. कराचीत एक माणूस मेला आणि त्या मरणाचा धक्का लागून नळदुर्गच्या रस्त्यावर रणगाडे आले.

तारखांपुरतं बोलायचं तर दादी चुकत नव्हती. मुहम्मद अली जिना 11 सप्टेंबर 1948 ला, शनिवारी रात्री दहानंतर गेले. सोमवारी, 13 तारखेला पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली. नळदुर्गला पहिली चकमक झाली. आमचं गाव तिथून फार लांब नाही. दादी तेव्हा बारा वर्षांची होती. 17 तारखेला निजामाने हार मानली. तो दिवस आता मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मी शाळेत झेंडावंदन करून, गोळ्या खाऊन घरी यायचो आणि घरात दादी वेगळाच सप्टेंबर सांगत बसलेली असायची.

तिच्या गोष्टीला एक शेपूट होतं. ‘उनो रहते तो ऐसा नै होता.’ ते असते तर असं झालं नसतं. मोहल्ल्यातले म्हातारे याच्याही पुढे जायचे. दिल्लीवाले म्हणे जिनांच्या मरणाची वाट बघत बसले होते. तिकडे डोळे मिटले आणि इकडे तोफा निघाल्या. चहाच्या हॉटेलात हे इतक्या खात्रीने सांगितलं जायचं की जणू सांगणारा त्या दिवशी सरदार पटेलांच्या बंगल्यावर हजर होता.

हे सगळं घरात. घराबाहेर जिनांचं नाव घ्यायचं नाही, ही अब्बांची सक्त ताकीद. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांना कारणं ठाऊक होती. मराठी मुसलमानाने जिनांवर चार ओळी लिहिल्या की लोक आधी त्याची नियत तपासतात. जिनांच्या राजकारणाने मागे राहिलेल्यांच्या पदरात काय टाकलं, ते आम्ही आजवर निस्तरतो आहोत. तेव्हा त्यांच्याविषयी माझं प्रेम उतू चाललंय असं कुणी समजू नये. मला लिहायचंय ते त्यांच्या मरणाविषयी, आणि त्या मरणाचं लोकांनी काय केलं त्याविषयी.

पुण्यात शिकायला गेलो तेव्हा दुसरा ‘जर’ भेटला. इतिहासाचे आमचे सर रंगवून शिकवायचे. एके दिवशी म्हणाले, मुंबईतल्या एका डॉक्टरच्या कपाटातला एक्स-रे वेळेवर बाहेर आला असता, तर फाळणी झालीच नसती. ‘जिना’ हा शब्द उच्चारताच अर्ध्या वर्गाने माझ्याकडे वळून बघितलं. वाईट हेतू नव्हता, सवयच तशी. मी मात्र नातेवाईक असल्यासारखा खाली मान घालून बसलो.

सरांची गोष्ट ‘फ्रीडम ॲट मिडनाईट’ या 1975 साली आलेल्या पुस्तकातली होती. जिनांना क्षयाने पोखरलं होतं. मुंबईचे डॉ. जाल पटेल यांना ते माहीत होतं आणि त्यांनी गुपित राखलं. दिवसाला पन्नासच्या आसपास क्रेव्हन ए सिगारेटी ओढणाऱ्या त्या हाडकुळ्या माणसाची फुप्फुसं कामातून गेली होती. हे कळलं असतं तर आपण सगळं पुढे ढकललं असतं, असं खुद्द माउंटबॅटन यांनी त्या लेखकांना सांगितलं. व्हाइसरॉयसाहेबांची सोयच झाली. घाई त्यांनी केली, तारीख त्यांनी आणली, आणि दोष गेला एका न दिसलेल्या फिल्मवर. कलकत्ता, नौखाली, बिहार, पंजाब जाळणारे हात कुणाचे होते, हे विचारायची गरजच उरत नाही. मलबार हिलवर बंगला असलेल्या एका बॅरिस्टरचं फुप्फुस, एवढाच सगळा इतिहास!

गुपित का राखलं, हे मात्र मला समजतं. आमच्या मोहल्ल्यात माझ्या लहानपणीही टीबीला टीबी म्हणत नसत. ‘सीने की बीमारी’ म्हणायचे, तेही आवाज खाली करून. पोरीबाळींची लग्नं अडायची.

तिसरा ‘जर’ पाकिस्तानचा, आणि तो सगळ्यात हट्टी आहे. जुलै 1948 मध्ये झियारतच्या थंड हवेत जिनांना ठेवलं होतं. तिथे डॉ. इलाही बख्श यांनी तपासण्या करून क्षयाचं निदान पक्कं केलं. ऑगस्टमध्ये क्वेट्टाला हलवलं. 9 सप्टेंबरपर्यंत न्यूमोनियाही झाला. 11 तारखेला दुपारी विमानाने कराचीला आणलं. विमानतळावर मंत्री नाहीत, सलामी नाही. येणं गुप्त ठेवायचं, ही त्यांचीच इच्छा. अँब्युलन्स निघाली आणि काही मैलांवर बंद पडली. दुसरी येईपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. आत हवा नाही, उकाडा, तोंडावर माश्या, आणि बहीण फातिमा पुठ्ठ्याने वारा घालतेय. रस्त्याच्या कडेला भारतातून गेलेल्या निर्वासितांच्या झोपड्या होत्या. तिथल्या कुणालाही कळलं नाही की या बंद गाडीत कोण आहे. त्याच रात्री ते गेले.

लाखो लोक जनाजाला लोटले. ते लोक पोरके झाले होते आणि त्यांना कुणीच आधी सांगितलं नव्हतं की माणूस महिनोन्‌महिने मरतोय. मग अँब्युलन्स कुणी बंद पाडली, पेट्रोल कसं संपलं, पंतप्रधान लियाकत अलींच्या मनात काय होतं, असे प्रश्न निघाले ते आजतागायत चालू आहेत. लियाकतही 1951 मध्ये रावळपिंडीत गोळीला बळी पडले आणि त्यांच्याभोवती नवे प्रश्न उभे राहिले. फातिमा जिनांनी भावावर लिहिलेलं पुस्तक त्यांच्या पश्चात, 1987 साली छापलं तेव्हा त्यातला काही मजकूर गाळला. गाळला म्हटल्यावर लोकांनी तेवढाच शोधून वाचला. मला विचाराल तर ती गाडी धड चालली असती तरी जिना फार दिवस काढणार नव्हते. डॉक्टरांच्या आठवणी वाचल्या की एवढं कळतं. पण आजाराने मेलेला नेता लोकांना पुरत नाही.

आमच्या घरचा ‘जर’ मी बरीच वर्षं तपासला नव्हता. घरचं कोण तपासतं? 2008 मध्ये व्ही. पी. मेनन यांचं संस्थानांच्या विलीनीकरणावरचं पुस्तक हातात आलं. मेनन संस्थान खात्याचे सचिव, सरदारांचा उजवा हात. ते लिहितात की हैदराबादेत सैन्य पाठवायचा निर्णय 9 सप्टेंबरला झाला आणि 13 तारखेच्या पहाटेचा हुकूम तेव्हाच दिला गेला. म्हणजे गुरुवारी. जिना क्वेट्टात, जिवंत. मरणाची वाट बघून फौज निघाली नव्हती. आणि ते जगले असते तरी काय करणार होते? सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून शस्त्रं आणून निजामाच्या राज्यात उतरवत होता, हे खरं. त्यामुळेच आमच्याकडच्यांना वाटत होतं की वेळ आली की कराची धावून येईल. कासिम रझवी लातूरचा वकील, तो लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या गप्पा मारत होता. लोक ऐकत होते. तिकडे ज्याच्या भरवशावर या गप्पा चालल्या होत्या त्याला उठून बसवत नव्हतं.

बकरी ईदला गावी गेलो तेव्हा हे दादीला सांगितलं. खरं तर दाखवायचंच होतं की बघ, तुझी गोष्ट चूक आहे. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी तारखा सांगितल्या. ती म्हणाली, ‘जुम्मेरात कु?’ मी म्हटलं, ‘हां दादी, जुम्मेरातीलाच ठरलं होतं.’ बराच वेळ तिने सूप हलवलं नाही.

मग तिने जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. अब्बांनीही नाही.

तिचा थोरला भाऊ रझाकार होता. आम्हाला एवढंच माहीत होतं की तो ‘फौज आयी तब शहीद हुआ’. तो आदल्या वर्षीच भरती झाला होता. खाकी कपडे, हातात बरछी, शेतात कवायत. रात्री टोळीबरोबर जायचा आणि पहाटे यायचा. एकदा येताना पितळेची घागर घेऊन आला. चांगली मोठी, घासूनपुसून लख्ख. काठावर नाव कोरलेलं होतं, जसं मराठी घरांतल्या भांड्यांवर असतं. दादीच्या अम्मीने तिला हात लावला नाही. ‘ये किसके घर का पानी है’ म्हणाली आणि कडब्यामागे ढकलून दिली. त्या वर्षी आमच्या भागातली कितीतरी हिंदू कुटुंबं घरदार टाकून बार्शीकडे, सोलापूरकडे पळाली होती. ते का पळाले, ते दादीच्या घरातल्या कडब्यामागे होतं.

फौज रस्त्याने पुढे निघून गेली. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी शेजारच्या गावाची माणसं आली. ज्वारी डोक्याएवढी झाली होती, भाऊ तिच्यात लपला होता. त्याला ओढून काढलं. दादीचे चुलते, जे पाच वक्ताचे नमाजी आणि रझाकारांना शिव्या घालणारे, त्यांनाही त्याच बांधावर मारलं. बायकापोरांना पाटलांनी वाड्यात घेतलं आणि सहा दिवस दार उघडलं नाही. परत आल्यावर अम्मीने सगळ्यात आधी कडबा उपसला. घागर नव्हती.

‘म्हणजे ज्यांची होती तेच आले होते?’ मी विचारलं.

दादी काही बोलली नाही.

‘नाव काय होतं घागरीवर?’

‘मेरे कु तब मरेठी पढने नै आती थी, बेटा.’

हे खरंच होतं. निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूतून, आणि मुलींना तेही नाही. मराठी ती पुढे अब्बांच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकली. पण त्या उत्तरात एवढंच नव्हतं, हे मला कळलं आणि मी पुढे विचारलं नाही. साठ वर्षं ती त्याच गावांमधून बाजारहाट करत राहिली, त्या गावच्या बायका तिच्याकडे गोधड्या शिवायला टाकत राहिल्या. जिना गेले म्हणून फौज आली आणि फौज आली म्हणून भाऊ गेला, असं सांगितलं की मध्ये ना घागर येते, ना बांध, ना कुणाचं नाव. कराचीतल्या त्या मरणाने दादीला माणसांत राहायची सोय करून दिली होती. आणि मी ईदच्या दिवशी मेननचं पुस्तक घेऊन ती सोय मोडायला गेलो होतो.

रझवीच्या डोळ्यांसमोर दुसरंही उदाहरण होतं. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहीत होते. जिनांच्या मृत्यूच्या तीनच आठवडे आधी त्यांना हैदराबादेत रात्री गाठून मारलं. त्यांचं नाव आमच्या मोहल्ल्यातल्या एकाही ‘जर’मध्ये मी ऐकलेलं नाही.

दादी 2011 मध्ये गेली. दोन वर्षांनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीचा जुना अहवाल ए. जी. नूरानींच्या पुस्तकातून लोकांसमोर आला. फौज आल्यानंतरच्या दिवसांत संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यात अंदाज आहे. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. आधीचे रझाकारांचे अत्याचारही त्यात आहेत आणि शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही आहेत. मी ते वाचताना पाटलांचा वाडा शोधत होतो.

ती जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझ्या भाचीला शाळेतून सांगितलं होतं, मुक्तिसंग्रामाच्या आठवणी घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहून आणा. वही-पेन घेऊन ती दादीसमोर मांडी घालून बसली. दादीने पदर सावरला, चष्मा पुसला. एकदा माझ्याकडे बघितलं. मी पेपरात डोकं घातलं.

‘लिख,’ दादी म्हणाली. ‘जिना साब गुजरे, अन् दो दिनां में फौज आ गई.’