न बोललेलें दुःख

दुःख वांटून घेतल्यानें हलकें होतें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. परंतु एकच दुःख पतिपत्नींच्या वांट्यास आलें आणि दोघांनींही तें परस्परांपासून लपविलें, तर? झुंपा लाहिरी यांची ‘अ टेंपररी मॅटर’ ही लघुकथा वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे. ज्या कथासंग्रहांत ती आहे, तो १९९९ सालीं निघाला व २००० सालीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें.

बोस्टन येथें राहणाऱ्या शोभा व शुकुमार या बंगाली जोडप्याचें पहिलें मूल मृतच जन्मास येतें. त्या वेळीं शुकुमार एका परिषदेसाठीं परगांवीं गेलेला असतो. त्यानंतर एकाच घरांत राहूनही दोघें एकमेकांस चुकवूं लागतात. भांडण नाहीं, तक्रारही नाहीं. पुढें विजेच्या दुरुस्तीसाठीं पांच दिवस रोज रात्रीं तासभर दिवे जाणार, अशी सूचना येते. त्या काळोखांत दोघें आजवर न सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी एकमेकांस सांगतात. वाचकास वाटतें, संसार सांवरला! पण अखेर शोभा सांगते, कीं तिनें राहण्यास निराळी जागा पाहिली आहे. मग शुकुमार मनांत जपलेलें गुपित उघड करतो : तो वेळेवर पोहोंचला होता, मूल मुलगा होता, आणि त्यानें त्याला हातांत घेतलें होतें.

ही कथा परदेशची खरी. पण आपल्या भरल्या घरांत निराळें काय घडतें? वडील माणूस गेलें, तर सुतक असतें, तेरावा असतो, दरवर्षीं तिथि येते. रडण्यास निमित्त मिळतें. जन्मतःच गेलेल्या अर्भकास मात्र वर्षश्राद्ध नाहीं आणि बहुधा नांवही नाहीं. माझ्या धाकट्या जावेवर असा प्रसंग आला, तेव्हां पाळणा त्याच दिवशीं माळ्यावर गेला आणि “तिच्यापुढें विषय काढूं नका,” असें सासूबाईंनीं सर्वांस बजाविलें. हेतु मायेचाच होता. पण पुढें वर्षभरानें ती मला हळूच म्हणाली, “वहिनी, यांनीं बाळाचें तोंड पाहिलें होतें का हो? मला विचारवत नाहीं.” ज्यांना विचारावयाचें, ते माझे दीर शेजारच्याच खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसले होते.

वडीलधाऱ्यांनीं अशा वेळीं उपदेश करूं नये. पण मौनाचा दंडकही घालूं नये. त्या दोघांस घटकाभर एकांत द्यावा, आणि गेलेल्या जीवाविषयीं बोलणें हें अशुभ नव्हे, एवढें त्यांस कळूं द्यावें. लाहिरींच्या कथेंत पतिपत्नी शेवटीं एकत्र रडतात. त्यांचा संसार टिकला कीं नाहीं, हें लेखिका सांगत नाहीं. मला मात्र वाटतें, तें रडणें सहा महिने आधीं झालें असतें, तर दुसरी जागा पाहण्याची वेळ कदाचित् आली नसती.