काटकसरीची मर्यादा

आम्हीं जन्मभर विद्यार्थ्यांस काटकसर शिकविली. म्हणून मलेशियाहून हिमालयांत पायीं हिंडावयास येणारे तरुण आम्हांस फार आवडतात. स्वदेशींचा ४०९५ मीटर उंचीचा किनाबालू चढून झाला, कीं कित्येक जण स्वस्त विमानानें काठमांडूस येतात, वाटेवरील साध्या लॉजमध्यें निजतात, डाळभातावर राहतात आणि पाठीवर ओझें घेऊन ४१३० मीटरांवरील अन्नपूर्णेच्या तळापर्यंत जातात. मात्र पैसा भाड्यांत वांचवावा, मुक्कामाच्या दिवसांत नव्हे. समुद्रकांठीं वाढलेल्या देहास विरळ हवा अंगवळणीं पडण्यास अवधि लागतो. तेथें वांचविलेला एक दिवस जिवावर बेततो. डोकें दुखून मळमळूं लागतांच जो चढणें थांबवितो, आणि बरें न वाटल्यास खालीं उतरतो, त्यास घरच्या वडीलधाऱ्यांनीं भित्रा म्हणूं नये, शहाणा म्हणावें. सुखरूप परतलेला मुलगा पुढील वर्षीं पुन्हां जाऊं शकतो.